धुराड्यावरची जाळी

मे महिना लागला की आमच्या कॉलनीपुढच्या रस्त्यावरून बिडीसाठीच्या तेंदूपानाच्या बोऱ्या लादलेले ट्रक जायला लागतात. बोऱ्यांवर ताडपत्री असते, तरी वास बाहेर येतोच. हिरवं पान उन्हात वाळून तपकिरी होतानाचा तुरट, थोडा चहापत्तीच्या जवळ जाणारा वास. शेजारच्या बाई नाकाला पदर लावतात आणि खिडकी ओढून घेतात. मी माझी उघडी ठेवते. हौस म्हणून ठेवत नाही. काही वास माणसाला सोसायलाच लागतात, एवढंच.

माहेरच्या उन्हाळ्यावर लोक फार गोड लिहितात. आंबे, अंगणातल्या बाजा, माठातलं पाणी. माझ्याकडेही हे सगळं आहे. आमच्या बांधावर गोटी आंब्याचं झाड होतं, बाजेवर झोपलं की कडुनिंबाचा मोहोर तोंडावर पडायचा. पण त्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगायला बसले की दोन वाक्यांत मी स्वयंपाकघरात जाऊन पोचते, आणि तिथं धूर असतो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून आत, जंगलाला टेकलेलं. घर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात जंगल, असं वर्ष दोन तुकड्यांत कापलेलं. तेंदूपानाचे पंधरा-वीस दिवस म्हणजे गावात लग्नघराची घाई असायची. पहाटे अंधार विरळ होता होता बायका, पुरुष, पोरं निघायची. अस्वलाची भीती म्हणून घोळक्यानं, मोठ्यानं बोलत. कोवळं, मऊ, बिनभोकाचं पान तेवढं खुडायचं. ऊन चढायच्या आत भारा डोक्यावर. दुपारी परसात कडुनिंबाखाली बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करून घ्यायच्या जागी, न्यायचा. बोटांना चीक बसून ती अशी काळीतपकिरी व्हायची की शाळा सुरू झाली तरी वहीवर डाग पडायचे.

पुडा बांधण्यात माय गावात सगळ्यांत चपळ. पानं बोटांखाली सरकायची आणि तिची नजर भलतीकडेच असायची, कोंबडीकडे, रस्त्याकडे, माझ्याकडे. मी मोजत बसायची, चुकायची, पुन्हा मोजायची. ती म्हणायची, "तू पुस्तकच वाच वो. पानाले तुहा हात मानवत नाई." हे ती कौतुकानं म्हणायची. पोरीच्या हाताला पान मानवू नये, अशीच तिची इच्छा होती.

माझ्या बारावीच्या उन्हाळ्याच्या दोनेक वर्षं आधी आमच्या गावात निर्धूर चुली आल्या होत्या. सरकारी योजनेतून. दोन तोंडांची मातीची चूल आणि तिच्या मागून कवेलूंतून वर गेलेला सिमेंटचा नळ, म्हणजे धुराडं. माय त्या चुलीवर भलती खूश होती. आधीच्या चुलीनं तिचे डोळे कायम लाल असायचे. आता धूर वर जाऊ लागला, भिंती तिनं पांढऱ्या मातीनं पोतारल्या आणि येईल त्याला आत बोलावून दाखवल्या. "पाहा जी, धूरच नाई!" बाबा तिला चिडवायचे, "आता हे बाई पाहुण्यायले चहा नाई, चूल दाखवते." दोन उन्हाळे माझ्या आईनं चुलीपुढे मोकळा श्वास घेतला. नक्की दोन. मी मोजले आहेत आणि या वेळी चुकलेले नाही.

धुराड्यावर एक टोपी होती, ती पहिल्याच वादळात उडाली. नवी घालायला कोणी आलं नाही. उघड्या नळाचं जंगलाच्या गावात जे व्हायचं ते झालं. चूल रोज पेटते तोवर कुठलं जनावर धुराड्यात शिरत नाही. पण तेंदूच्या दिवसांत सकाळच्या चुली पेटतच नाहीत. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, पहाटे तोच मीठ-कांद्याशी खायचा आणि निघायचं. चूल दुपारपर्यंत थंड. साळुंक्यांना नेमकी तेव्हाच अंडी घालायला जागा हवी असते, चान्यांनाही. आमच्याकडे खारीला चानी म्हणतात.

बायकांनी यावर आपसात तोड काढली होती. निघताना चुलीत एक गोवरी धुमसत ठेवायची, वर कडुनिंबाचा मूठभर पाला. धूर बारीक, पण दुपारपर्यंत टिकणारा. "धूर ठेवला काय वो?" असं पहाटे एकमेकींना विचारत त्या रस्त्याला लागायच्या, जसं कडी लावली का विचारतात. त्या दिवसांत आमच्या गावावर सकाळी माणूस नसायचा आणि प्रत्येक घरातून धुराची एक रेघ वर जायची.

माझी बारावीची परीक्षा झाली होती, विज्ञान शाखा. गावातून विज्ञानाला गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे माझ्या डोक्यात त्या वर्षी जेवढं शहाणपण होतं तेवढं पुढं कधीच राहिलं नाही. कवेलूंचं घर, बाजूला धानाच्या तणसाचा ढीग, मे महिना, आणि आत विस्तव ठेवून घर बंद करून जायचं? मी मायशी वाद घातला. ती म्हणाली, "चुलीतलं चुलीतच राहते वो, आतापरेंत जळलं काय घर?" घराला कुलूप लावायचं काम माझं होतं. मी सगळ्यांत शेवटी निघायची आणि निघण्याआधी गोवरीवर तांब्याभर पाणी ओतायची. रोज. चर्र आवाज व्हायचा, राख उडायची, आणि मला आपण घर वाचवल्याचं समाधान वाटायचं.

मायला हे कधीच कळलं नाही. दुपारी ओली राख पाहून ती म्हणायची, "गोवरी ओली होती वाटते." आणि दुसऱ्या दिवशी जास्त वाळलेली निवडून ठेवायची.

पहिल्या चार दिवसांतच साळुंकीनं धुराड्यात घर केलं. पुढं पिलं चिवचिवायला लागली. घरटं दिसलं तसा मायनं संध्याकाळचा स्वयंपाक बाहेर तीन दगडांवर हलवला होता, पिलं उडून जाईपर्यंत. आणि एका दुपारी, आम्ही भारे टेकवून पाणी पीत होतो, तेव्हा चुलीच्या वैलातून, म्हणजे मागच्या तोंडातून, एक धामण बाहेर आली. हातभर आली, मग अजून हातभर, संपेचना. पिलांच्या मागं वरून उतरली होती आणि खाली दुसरी वाट नव्हती. अंगाला राख लागून ती करडी झाली होती. मी किंचाळून बाजेवर चढले. बाबा काठी घेऊन धावले तर माय आडवी आली.

"मारू नोका जी. धामन हाय, बिचारी. जाऊन राहिली थे."

तिनं दार पूर्ण उघडलं आणि सूप आपटत धामणीला परसातून बाहेर काढलं. मग माझ्याकडे वळून हसली. "उतर आता. सायन्स शिकून सापाले भेते काय?" चिवचिवाट त्यानंतर थांबला होता. माय तेवढ्यावरून दोन दिवस उदास होती. "माहा धूरच कमी पडला," म्हणायची. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. माय, तुझा धूर कमी पडला नाही, मी विझवला. एवढंच वाक्य. मी ते गिळलं, आणि त्याच्या बदल्यात एक उपाय काढला.

कॉलेजच्या प्रवेशाची चौकशी करायला मी गोंदियाला आले होते. नवतपाचे दिवस, दुपारचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले. गल्ल्यामागं बसलेले काका पंख्याखाली कलिंगड खात होते. मी म्हटलं, तारेची जाळी हवी.

"किस काम के लिए, बेटा?"

दुकानात माझ्याच वयाच्या दोन मुली उभ्या होत्या. आईबरोबर आलेल्या, हातात थंड पेयाच्या बाटल्या. त्यांच्या बोटांवर डाग नव्हते. मी माझी बोटं ओढणीत घेतली. आमच्या घरी चूल आहे, तिच्या धुराड्यात साप येतो, हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

"खिडकी के लिए," मी म्हटलं.

"मोटी दूँ या बारीक?"

"सबसे बारीक."

त्यांनी मच्छरजाळी कापून दिली. मी खरं बोलले असते तर त्यांनी कलिंगड खाली ठेवून सांगितलं असतं की धुराड्याला कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसली मोठ्या भोकाची लाव. तो त्यांचा रोजचा धंदा होता. एका प्रश्नाचं खरं उत्तर, बस. पण मला त्या दोन मुलींच्या नजरेत खिडकीवाल्या घरातली व्हायचं होतं.

शिडी बाबांनी धरली. कवेलू फुटू नये म्हणून मी अनवाणी, वाशावाशानं वर गेले. पाय भाजत होते. रिकामं घरटं काढलं, काड्या, सुतळी, सापाची कात असते तसला कसलासा पापुद्रा. जाळी दुहेरी घातली, पक्की व्हावी म्हणून. तारेनं आवळली, पकडीनं पीळ दिला. खाली अंगणात माय कपाळावर हात धरून वर बघत होती. "माही पोरगी मिस्तरी झाली वो!" ती रस्त्यानं जाणाऱ्या बायकांना ओरडून सांगत होती. मी वरून हात हलवला. एवढ्या उंचावरून मी पुन्हा कधी कोणाला हात हलवलेला नाही.

पुढं सगळं रीतसर झालं. पदवी, बी.एड., गोंदियात शाळेची नोकरी, लग्न. मी सातवीला उष्णता शिकवते. गरम हवा हलकी होऊन वर जाते, हे फळ्यावर बाण काढून दाखवते. दरवर्षी काढते.

घरी जायची ते दिवाळीला आणि मे महिन्यात. पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवाळीला स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. चुलीच्या तोंडातून धूर बाहेर येत होता आणि त्यात माय भाकरी थापत बसली होती. "ओली लाकडं कायले जाळतेस?" मी तिथूनच ओरडले. ती म्हणाली, "वाळलीच हाय वो." मी विश्वास ठेवला नाही. उठून लाकडं पाहिली, वाळलेली होती. मग म्हटलं, फुंकतेस कशी, राख साचलीय, चूल नीट लिंपत नाहीस. ती निमूट राख काढायची. पुढच्या खेपेला चूल नव्यानं लिंपलेली असायची आणि धूर तसाच. मग मी म्हणायची, नळाला भेग गेली असेल, बाबांना लक्षच नाही. बाबांनी नळाच्या सांध्यांना सिमेंट लावलं. धूर थोडा वाढलाच.

सात-आठ वर्षं मी असं बोलत राहिले. आता ते सगळे आवाज एकदम ऐकू येतात. पांढऱ्या मातीच्या त्या भिंती हळूहळू चहासारख्या झाल्या, मग काळ्या. माय पाहुण्यांना आत बोलवेनाशी झाली. मी आणलेला डोळ्यांचा ड्रॉप ती कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवायची. आणि खोकायची. आधी पावसाळ्यात, मग बाराही महिने. पुडे बांधताना बोटं तशीच पळायची, पण मधेच थांबून ती छातीवर हात ठेवायची आणि कडुनिंबाच्या बुंध्याला टेकायची. मी म्हणायची, "काम कमी कर." काम! गॅस आला तेव्हा मीच भरीला पाडून घेतला होता. पण सिलिंडर गोरेगावहून आणायचा, म्हणून तो पाहुण्यांच्या चहासाठी, आणि रोजचं अन्न चुलीवर. यावरही मी भांडले. कशावर भांडले नाही तेच विचारा.

शेवटी मी तिला गोंदियाला डॉक्टरकडे आणलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. छातीचा फोटो उजेडात धरून म्हणाले, "मावशी, बिडी किती वर्षं ओढता?"

माय लाजली. पदर सावरून म्हणाली, "पानं तोडली जी. ओढली नाई कधी."

डॉक्टर हसले, मीही हसले. काय हजरजबाबी आहे माझी माय, हे मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. मग डॉक्टरांनी चुलीबद्दल विचारलं. मी विज्ञानाच्या शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, "निर्धूर चूल आहे, धुराडं आहे." त्यांनी मान हलवली आणि पंप लिहून दिला. तो कसा ओढायचा ते मी तिला शिकवलं. ती श्वास बाहेर सोडायच्या वेळी आत घ्यायची आणि आत घ्यायच्या वेळी खोकायची. मी तिच्यावर चिडायची.

ती माघात गेली. बाजेवर उशांना टेकून बसलेली, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. विहारातल्या बायका वंदना म्हणत होत्या. लोक मला म्हणाले, चुलीनं खाल्लं बाई, आपल्या बायांचं हेच आहे. मलाही ते खरं वाटलं. चूल, गरिबी, सरकार, दोष द्यायला चांगली मोठी नावं होती. मी सव्वा वर्ष त्या रागावर निभावून नेलं. आता तो राग आठवला की त्याचा हेवा वाटतो.

मग पुढच्या वर्षीचा मे. माझ्या गॅसवरची विजेची चिमणी नीट चालत नव्हती, फोडणी दिली की घरभर ठसका. मेकॅनिक आला. त्यानं खालची जाळी ओढून काढली आणि माझ्यापुढं धरली. तेलकट, काळी, एकसंध.

"मैडम, ये देखो. बारीक जाली है, भर गई. हवा ऊपर जाएगी कहाँ से? धुआँ तो वापस ही आएगा ना."

बाहेरून ट्रक चालला होता, तेंदूचा वास घेऊन. त्यानं पुढंही काही सांगितलं, दर महिन्याला गरम पाण्यात धुवा वगैरे. तो गेल्यावर ती जाळी सिंकमध्ये तशीच ठेवली आणि गोरेगावची एसटी पकडली.

बाबा आता एकटे राहतात. गॅसवर खिचडी टाकतात, विहाराच्या ओट्यावर येणारा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत ओळीवर बोट ठेवून वाचतात. मला अवेळी आलेली पाहून गोंधळले. मी म्हटलं, शिडी धरा. त्यांनी कारण विचारलं नाही. पोरगी रागात असली की विचारायचं नाही, हे त्यांना मायनं शिकवलेलं.

अनवाणीच चढले. तीच दुपार, तेच पाय भाजणं. जाळी जागच्या जागी होती, तारेचा पीळ मी दिलेला तसाच. मिस्तरी पक्की होती म्हणायची. पण जाळी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. काजळीचं झाकण होतं ते, तव्याच्या बुडासारखं. मी एका बोटानं खरवडलं. आधी पापुद्रा निघाला, मग खाली भोकं दिसली, इवली इवली, दुहेरी. सबसे बारीक. मी आत वाकून पाहिलं. खाली चूल दिसायला हवी होती. काळोख होता.

"काय निंगालं वो?" खालून बाबांनी विचारलं.

मी वर बसले होते. शिडीवर म्हातारा हात. सगळं गाव आपापल्या परसात पुडे बांधत बसलेलं, एकाही घरातून धुराची रेघ नाही, आता साऱ्यांकडे गॅस आहे. आणि मी, सातवीला उष्णता शिकवणारी, म्हटलं, "घरटं."

बाबा समाधानानं हसले. "मंग! जाळी होती म्हनून वरच राहिलं. नाई तं तिच्या चुलीत पडलं असतं. तुही माय साऱ्यायले सांगे, पोरीनं जाळी लावली तवापासून माह्या चुलीत काडी पडली नाई म्हने. खोकलत खोकलत सांगे."

मी तार सोडवली. त्यांनी वर हात केला. "दे इकडे. सोड्यानं धुतो न् पुन्हा लावून देतो. तिची आठवन हाय थे."

आणि मी दिली. त्यांनी ती नारळाच्या शेंडीनं घासून लख्ख केली, तार नवी घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वर चढून बांधली. ती आजही तिथं आहे. खाली चूल सारवलेली, कोरडी. साळुंक्या येतात, जाळीवर चोच मारून जातात. बाबा मला फोनवर सांगतात, "आली होती, पन तुही जाळी पक्की हाय."

दोन वर्षं झाली. मी प्रत्येक फोनला ठरवते आणि प्रत्येक फोनला खिचडीत मीठ किती टाकलं एवढंच विचारून ठेवते. तोंडानं मला खरं बोलता येत नाही, हे एव्हाना कळलंच असेल. म्हणून हे लिहून पेपरच्या रविवारच्या पुरवणीला पाठवते आहे. छापून आलं तर ते विहाराच्या ओट्यावर पोचेल. बाबा बोट ठेवून इथपर्यंत येतील.

बाबा, ते घरटं नव्हतं. ती जाळी मी खिडकीची आणली होती.